बाकावर एकच डबा

१

लॉरेल फोर्क या डोंगरातील गावी थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर येणाऱ्या सोमवारी शाळेला सुट्टी असे, लाकडाच्या गिरणीला सुट्टी असे, आणि न्हाव्याच्या दुकानावरही कुलूप दिसे. कारण त्या पहाटे हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडत असे व घरी बसलेला पुरुष गावात औषधालाही सापडत नसे. त्याच्या आधीचा शनिवार हा बंदुका पारखण्याचा. शिकारमंडळाच्या मैदानावर वाळूच्या पिशव्या मांडून प्रत्येकजण आपल्या रायफलीचा नेम तपासून पाही, बायका मोठ्या पातेल्यातून कॉफी वाढीत, आणि गेल्या वर्षी निसटलेली हरणे दरवर्षी थोडी थोडी थोर होत जात.

त्या शनिवारी वेंडेल स्ट्रॉब हा कॉफीचा पेला तोंडाशी नेत असताना एक निराळाच आवाज झाला. वेंडेलने आपले सारे आयुष्य शिकारखात्याच्या नोकरीत, या डोंगरांतून फिरण्यात घालविले होते. गोळी सुटल्याचा आवाज कोणता आणि पोलाद फाटल्याचा कोणता, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आले असते. पेला त्याच्या हातातून गळून पडला.

रॉनी कोवालचिक हा गिरणीत काम करणारा तरुण टेबलामागे उताणा पडला होता. त्याच्या रायफलीचे पोट फुटून त्याच्या ठिकऱ्या झाल्या होत्या. गाल कापला गेला होता, आणि डावा हात त्याने शर्टात गुंडाळून छातीशी धरला होता.

"काडतूस कुणाचं?" कोणीतरी ओरडले.

हा प्रश्न निरर्थक होता. लॉरेल फोर्कमध्ये काडतूस एकाच माणसाचे असे. इमेरी हॉकेनबेरी हा वृद्ध गृहस्थ युद्धावरून परतल्यापासून साऱ्या गावाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करी, त्यांत मापून नवी दारू भरी, वर शिशाची गोळी बसवी, आणि पुठ्ठ्याच्या पेटीवर आपल्या किरट्या अक्षरात नाव घालून ज्याची त्याला परत देई. त्याच्या हातच्या काडतुसाने कधी कोणाला दगा दिला नव्हता.

इमेरी गर्दीतून पुढे आला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यामुळे तो हल्ली मान तिरकी करून पाहत असे. त्याने जमिनीवरून फाटलेली पुंगळी उचलली, बोटांनी चाचपली, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"माझंच आहे," तो म्हणाला. "माझंच भरलेलं आहे."

२

सायंकाळपर्यंत गावातील घराघरांतून इमेरीच्या पेट्या परत मागविण्यात आल्या आणि वेंडेल इमेरीच्या अंगणातील शेडमध्ये जाऊन पोचला. शेड इमेरीच्या जमिनीवर होती. परंतु आतील दाबयंत्र आणि दारू ही मंडळाच्या मालकीची, म्हणून किल्लीही मंडळाची. ती किल्ली इमेरीच्या कमरेला इतकी वर्षे लटकत होती की तिच्यामुळे त्याच्या प्रत्येक विजारीला एकाच जागी भोक पडलेले असे.

दार उघडताच तेलाचा, पितळेचा आणि जुन्या लाकडाचा तो परिचित वास आला, आणि वेंडेलचे अंतःकरण भरून आले. येथेच त्याने पहिले काडतूस भरले होते. उत्तरेच्या गार भिंतीशी दारूचे कपाट उभे होते. गावातील जुनी शाळा पाडली तेव्हा तिच्या बाकांच्या पातळ फळ्यांतून इमेरीने ते स्वतः बनविले होते. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूस मुलांनी चाकूने कोरलेली नावे अद्याप होती: वेंडेलचे, इमेरीचे, आणि एका कोपऱ्यात नुसता 'व'. तो कोणी कोरला होता हे इमेरीने कधी सांगितले नाही. परंतु पुढे त्याने लग्न केले ते वर्नाशीच.

शेडमध्ये शेगडी नव्हती, उघडा दिवा नव्हता. प्रत्येक डबा कंपनीने दिलेल्या मूळ चिठ्ठीसह उभा होता. इमेरीची नियमावली गावातील प्रत्येक मुलाला प्रार्थनेप्रमाणे पाठ होती, आणि तिचे पहिले कलम असे: बाकावर एकच डबा. जी दारू भरायची तिचाच डबा बाहेर, बाकीचे सारे कपाटात.

वेंडेलने स्वयंपाकघरातून पांढरी बशी मागून आणली आणि रायफलीच्या दारूचा उघडा डबा तीवर थोडा ओतला. मग तो भिंग घेऊन तीवर वाकला. रायफलीची दारू ही बारीक काड्यांसारखी असते. बशीत काड्या होत्या. परंतु त्यांच्यामध्ये असंख्य चपट्या चकत्याही चमकत होत्या.

"ही तर पिस्तुलाची," वेंडेल म्हणाला. "भडकून जळणारी. रायफलीत पडली की..."

"मला नको शिकवू," इमेरी खालच्या आवाजात म्हणाला. "रॉनीची पेटी याच डब्यातून भरली. वरचीच दारू. मी मोजली, वजन बरोबर आलं."

तराजूला वजन कळते, जात कळत नाही. आणि रंगाने दोन्ही सारख्याच काळ्या.

"पण इमेरी, तुझ्या कपाटात चकत्यांची दारू नाहीच! मी सगळे डबे पाहिले."

"आणली असेन. संपवली असेन. विसरलो असेन." म्हातारा स्टुलावर बसला. "ऐक, वेंडेल. जुन्या डेअरीला आग लागली, तो दिवस आठवतो? त्या सकाळी मी हा डबा काढून बाकावर ठेवला. एवढ्यात भोंगा वाजला. मी तसाच धावलो. परत आलो तर डबा कपाटात, नळकांडं रिकामं, बाक साफ. मी डबा काढला ते मला लख्ख आठवतं. ठेवला, ते आठवत नाही. कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही."

नळकांडे म्हणजे बाकावर उभी असलेली दारू मापून सोडणारी नळी. ती रात्री कधीही भरलेली ठेवायची नाही, हे दुसरे कलम.

"माझा बापही असाच गेला," इमेरी पुढे म्हणाला. "आधी किल्ल्या विसरला, मग वार विसरला, शेवटी माझं नाव. डोळे गेले तर चष्मा आहे रे. हे डोक्यातलं कपाटच रिकामं होऊ लागलं, तर मी काय करू? उद्या मर्ल किल्ली मागणार. देऊन टाकतो. किल्लीचं काही नाही. मला फक्त एवढं सांग... मी वेडा होतोय का?"

बाकाच्या मागे भिंतीच्या फटीत काहीतरी पांढुरके अडकलेले त्याला दिसले होते. त्याने दोन बोटांनी ते ओढून काढले. तो मेणकागदाचा एक शंकू होता, फनेलसारखा गुंडाळलेला. त्याच्या टोकाशी चार काळ्या चकत्या चिकटून राहिल्या होत्या.

इमेरीची दृष्टी तेथवर पोचली नाही. वेंडेलने तो शंकू मुकाट्याने खिशात घातला.

३

मर्ल शॅफर याचे लोखंडी सामानाचे दुकान गावाच्या चौकात होते आणि मंडळाचा अध्यक्षही तोच होता. इमेरीच्या पेट्या बंद झाल्या तर कंपनीची काडतुसे खपणार होती, आणि ती मर्लच्याच फळीवर होती. ज्याला लाभ होतो त्याच्याकडे संशयाने प्रथम पाहावे, हे वेंडेल नोकरीत शिकला होता.

"ये, ये," मर्ल गल्ल्यामागून म्हणाला. "बेड्या आणल्यास का? सगळं गाव माझ्याकडे असंच बघतंय, जणू मीच दारूत मीठ कालवलं."

"कालवलंस का?"

"माझ्या काडतुसांवर मला काय मिळतं ते तुला सांगितलं तर तू मला वर्गणी काढून देशील." मर्ल हसला; पण लगेच गंभीर झाला. "हे बघ, इमेरीनं मला पहिलं हरिण मारायला शिकवलं. पण तो आंधळा होत चाललाय. उद्या चर्चच्या जेवणानंतर मी किल्ली मागणार. ते लाकडी खोकं जाऊन तिथं पोलादी तिजोरी येईल. विमेवाला खूश, मी खूश."

"पोलादात दारू कोंडायची?" वेंडेल उसळला. "आग लागली तर लाकडाची फळी सुटते, दारू भसकन जळून जाते, एवढंच. तुझ्या तिजोरीत ती कोंडली तर अर्धी गल्ली उडेल. म्हणून तर त्यानं पातळ फळ्या वापरल्या. तुला शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं," मर्ल ओशाळून म्हणाला. "तिजोरी दुकानात पडून आहे रे, म्हणून बोललो."

"डेअरीच्या आगीच्या सकाळी तू कुठे होतास?"

"बंबावर. मीच चालवत होतो की! तू पुलावर उभा राहून मला शिट्ट्या मारत होतास, आणि मी तुला दिलेली शिवी अख्ख्या गावानं ऐकली."

हे खरे होते. वेंडेलला ती शिवी चांगलीच स्मरत होती. त्याने दुसरा प्रश्न टाकला: "या मोसमात चकत्यांची दारू कुणी नेली? पिस्तुलाची?"

मर्लने डोके खाजविले. "ती कोण नेतंय इथं? एकच डबा गेला, तोही आगीच्या थोडा आधी."

"इमेरीनं नेला?"

"छे! इमेरी कुठला? रॉनीनं. रॉनी कोवालचिकनं."

वेंडेल दुकानाची पायरी उतरला. ज्याचा हात फुटला, त्याच्याच हातून ही दारू गावात आली होती.

४

रॉनी स्वयंपाकघरात बसला होता. डावा हात पट्ट्यांनी जाडजूड झाला होता आणि त्याची आई त्याला बटाट्याचे पिरोगी, त्यांच्याकडील उकडीच्या करंज्या, काट्याने भरवीत होती.

"बोटं वाचली," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात पुढल्या वर्षी बंदूक धरेल. मी म्हणते, धरूनच दाखव, मग मीच मोडते."

"आई, जरा बाहेर जा ना," रॉनी म्हणाला.

ती पुटपुटत गेली. वेंडेलने टोपी मांडीवर ठेवली आणि शांतपणे विचारले, "तुझा चकत्यांचा डबा कुठे आहे, रॉनी?"

तरुणाच्या गालावरील टाके ताणले गेले. त्याने ताट बाजूला सारले. आणि अखेर बांध फुटला.

"तळघरात, आईच्या बटाट्यांच्या मागे. वेंडेलकाका, मी एक जुनं पिस्तूल घेतलं. इमेरीकाकांना म्हटलं, मला एकट्याला भरू द्या. ते म्हणाले, अजून एक हिवाळा माझ्या शेजारी बस, मग बघू. मी काय लहान आहे का? म्हणून मग ते चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेले होते त्या संध्याकाळी मंडळाच्या खोलीतली जादा किल्ली घेतली."

"आगीच्या आदल्या संध्याकाळी?"

"हो. नळकांडं भरलं, दहा-पंधरा भरली असतील नसतील, तोच त्यांचा ट्रक अंगणात वळला. मी दिवा मालवला, डबा काखेत मारला आणि मागच्या बाजूनं पळालो."

"आणि नळकांड्यातली दारू?"

"तशीच राहिली." रॉनीचा आवाज फाटला. "मला वाटलं, सकाळी काका बघतील आणि माझी सालटी काढतील. मी वाट बघत होतो. पण ते काहीच बोलले नाहीत! उलट माझी पेटी भरून दिली, वर पाठीवर थाप मारली. मला वाटलं त्यांनी ओळखलं आणि मनातल्या मनात माफ केलं. आज मैदानावर पडल्या पडल्या मला कळलं की त्यांना माहीतच नव्हतं. आणि ते सगळ्यांसमोर म्हणाले, माझंच आहे. मी तोंड उघडलं नाही, काका. रक्त वाहत होतं म्हणून नाही. लाज वाटली म्हणून."

"ती दारू इमेरीच्या डब्यात तू ओतलीस?"

"आईच्या गळ्याची शपथ, नाही! मी त्यांच्या कपाटाला हातसुद्धा लावला नाही."

वेंडेलने त्याच्या डोळ्यांत पाहिले. रॉनी खोटे बोलत नव्हता. मग संध्याकाळी नळकांड्यात राहिलेली दारू आणि सकाळी बाकावर आलेला डबा, या दोहोंची गाठ कोणी घातली?

५

वेंडेल आपल्या ट्रकमध्ये बसला आणि त्याने खिशातील शंकू बाहेर काढला. अशा वेळी माणसाने मन एखाद्या पाटीसारखे कोरे करून एकेक गोष्ट तीवर मांडावी. त्याने तसेच केले.

डबा इमेरीने काढला, तेवढ्यात भोंगा झाला. इमेरी परतला तेव्हा डबा कपाटात होता. म्हणजे जे घडले ते आग चालू असतानाच घडले. परंतु त्या वेळी मर्ल बंबावर होता. रॉनी पाण्याची नळी धरून होता. त्याच्या भुवया जळाल्या होत्या हे वेंडेलने स्वतः पाहिले होते. इमेरी ओढ्यावर पंपापाशी होता. लॉरेल फोर्कमध्ये भोंगा झाल्यावर चालता येणारा एकही पुरुष घरी राहत नाही. राहिला तर त्याला पुढे कोणी कॉफी विचारत नाही.

मग गावात उरले कोण?

आणि ज्याने हे केले त्याने ते दुष्टपणाने केले नव्हते. हे तर त्याहून विलक्षण होते. दुष्टाने दारू सांडली असती, चोरली असती. या हाताने दारूचा कण न सांडता शंकूतून ती डब्यात परत ओतली, झाकण घट्ट लावले, डबा कपाटात ठेवला आणि बाक झाडला. हा हात इमेरीचा नियम पाळणारा होता. नळकांड्यात दारू आहे. बाकावर एकच डबा आहे. अर्थात दारू त्याच डब्यातली. लॉरेल फोर्कच्या बाहेरील कोणीही मनुष्य थबकला असता, विचारात पडला असता. ही चूक केवळ नियम तोंडपाठ असलेल्या माणसाकडूनच होऊ शकत होती.

वेंडेलने मेणकागद नाकाशी नेला. इतक्या दिवसांनंतरही त्याला दालचिनीचा मंद वास येत होता.

तो वास त्याला चाळीस वर्षे ठाऊक होता.

वर्ना हॉकेनबेरी स्वयंपाकघरात उद्याच्या जेवणासाठी दालचिनी घातलेले सफरचंदाचे 'पाय', सारण भरून भाजायचा तो गोड पदार्थ, करीत होती. तिने न विचारता त्याच्यापुढे एक मोठा तुकडा ठेवला. ओट्यावर मेणकागदाची गुंडाळी होती. खिडकी शेडकडे उघडत होती.

"काय म्हणतोय तुझा तपास?" तिने विचारले. "इमेरी खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलाय. जेवला नाही. मी म्हटलं, अरे मेल्या, तू विसरायला लागलास तर आपलं लग्न विसरून जा, दुसरं करू. हसलासुद्धा नाही."

"शेडमध्ये कधी जातेस का गं तू?"

"मी?" ती हसली. "आमचा करार आहे. स्वयंपाकघर माझं, शेड त्याची. पन्नास वर्षं झाली, उंबरा ओलांडला नाही. एकदाच गेले, तेही तो आगीकडे पळाला आणि दार सताड उघडं टाकून गेला म्हणून. गल्लीतली पोरं हुंदडत होती. मी आत जाऊन सगळं नीट आवरून ठेवलं आणि आले. त्याला सांगितलं नाही. म्हणाला असता, करार मोडलास." तिने पिठाचे हात झटकले. "त्याचे नियम मला खिडकीतून ऐकून ऐकून पाठ झालेत. बाकावर एकच डबा, नळकांडं रिकामं."

वेंडेलने रिकामी बशी बाजूला सारली. तिला नियमाचा तेवढाच भाग ऐकू आला होता. पुढचे कलम इमेरी बाकावर वाकून, हळू आवाजात, फक्त शेजारी बसलेल्या शिष्याला सांगत असे: नळकांडे स्वतः भरले नसेल, तर आतली दारू कोणत्याही डब्यात जायची नाही, ती बागेत पसरून टाकायची.

"अजून एक तुकडा?" वर्नाने विचारले.

"नको," वेंडेल म्हणाला आणि उठला.

६

इमेरी खरोखरच भिंतीकडे तोंड करून पडला होता. वेंडेलने दार लोटून घेतले आणि पलंगाच्या कडेवर बसला.

"इमेरी, तू डबा ठेवल्याचं तुला आठवत नाही ना?"

"किती वेळा विचारशील?"

"आठवणार नाही. कारण तू तो ठेवलाच नाहीस."

मग त्याने सारे सांगितले; रॉनीचे आधी आणि वर्नाचे मागून. इमेरी हळूहळू उठून बसला. वर्नाचे नाव येताच त्याने डोळे मिटून घेतले. त्यानंतर त्याचे खांदे हलू लागले, आणि वेंडेलला प्रथम वाटले की तो रडतो आहे. परंतु तो हसत होता; गालांवरून पाणी ओघळत असताना हसत होता.

"म्हणजे डोकं शाबूत आहे!"

"शाबूत आहे. होतं तेवढं."

"मी विसरलो नव्हतो. मी केलंच नव्हतं!" त्याने बाहीने तोंड पुसले. मग त्याचा चेहरा एकदम कठोर झाला. "वेंडेल, उद्या मी सभेत सांगतो की चूक माझी. वर्नाचं नाव तुझ्या तोंडून निघालं तर आपली मैत्री संपली. त्या पोराच्या हाताला आपला हात लागला, हे तिला कळलं तर ती पुन्हा झोपायची नाही. आणि रॉनीलाही सांग, गप्प बस."

"गाव तुला खुळा म्हणेल."

"म्हणू दे. मघाशी म्हटलं असतं तर मेलो असतो. आता खुशाल म्हणू दे. मला माहीत आहे ना!"

वेंडेल त्याच्याकडे पाहत राहिला. शाळेच्या बाकावर दुसऱ्याने कोरलेल्या अक्षरासाठी मास्तरांची छडी खाणारा मुलगा त्याला आठवला. त्या दिवशीही इमेरी असाच बसला होता, ओठ आवळून, आणि 'व' कोणी कोरला ते सांगत नव्हता.

७

रविवारी चर्चच्या तळघरात जेवणे आटोपली. मर्लने घसा साफ केला आणि टोपी हातात घेऊन तो उभा राहिला. परंतु त्याने बोलण्यापूर्वीच इमेरी उठला. त्याने कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

"बोलायचं फार नाही," तो म्हणाला. "दोन दारू मिसळल्या. माझ्या शेडमध्ये, माझ्या बाकावर. माझी चूक. रॉनीच्या आईची मी माफी मागतो."

कोणीतरी चमचा खाली ठेवला.

"इमेरी, खाली बस," मागून आवाज आला.

वर्ना उभी होती. हातात 'पाय'ची रिकामी थाळी होती.

"वर्ना, तू मध्ये पडू नकोस," इमेरी घाईने म्हणाला.

"मी आधीच पडलेय, तेच तर सांगतेय." तिने थाळी टेबलावर ठेवली. "काल वेंडेल स्ट्रॉबनं माझ्या 'पाय'चा दुसरा तुकडा नको म्हटला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच मला कळलं की माझ्याच घरात काहीतरी मेलंय. रात्रभर विचार केला. सकाळी माझ्या कागदाची गुंडाळी पाहिली आणि शेड आवरली तो दिवस आठवला." ती रॉनीकडे वळली. "नळकांड्यातली दारू त्या डब्यात मी ओतली. मला वाटलं मी शहाणपणा करतेय. रॉनी बाळा, तो हात मी फोडला रे."

"नाही!" रॉनी ओरडला. त्याची खुर्ची मागे पडली. "ती दारू माझी होती, वर्नाकाकू! मी चोरून भरत होतो. मी ती तशीच टाकून पळालो. माझा हात मीच फोडला. काकांनी काही केलं नाही. कुणी काकांना काही बोललं तर..." त्याने पट्ट्या बांधलेला हात उगारला, आणि वेदनेने कळवळून खाली बसला.

इमेरी पत्नीकडे पाहत राहिला. "करार मोडलास," तो पुटपुटला.

"दार उघडं टाकून गेलास, तो तू मोडलास," ती म्हणाली. आणि मग तिला रडू कोसळले. रॉनीची आई उठली, तिने वर्नाला आपल्या रुंद छातीशी धरले आणि पोलिश भाषेत काहीतरी रागावल्यासारखे पण मऊ बोलत राहिली.

मर्लने किल्ली उचलली, तळहातावर तोलली आणि इमेरीपुढे धरली. "घे बाबा. माझी तिजोरी मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारतो."

इमेरीने ती लगेच घेतली नाही.

"एक दोष माझाच आहे," तो सर्वांना म्हणाला. "मी बशीत ओतून पाहिलं असतं तर चकत्या दिसल्या असत्या. दिसल्या नसत्या, तर दिसत नाही म्हणून काम थांबवायला हवं होतं. डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत शेड बंद. आणि नंतर तिथं मी एकटा बसणार नाही. रॉनी, तुझा तो एक हिवाळा बाकी आहे."

"आणि मी?" वर्नाने डोळे पुसत विचारले.

"तू... तू पायरीपर्यंत ये."

तळघरात हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावाने मर्लच्या दुकानातील काडतुसे घेऊन शिकार केली. इमेरी व वेंडेल अंगणात घोंगड्या पांघरून बसले आणि डोंगरांतून येणारे बार ऐकत राहिले. "हा परका आवाज," प्रत्येक बाराला इमेरी म्हणे. "यात जीव नाही."

आज इमेरी आणि वर्ना या दोघांपैकी कोणीही उरलेले नाही, आणि किल्ली वेंडेलकडे आहे. रॉनी शहरात राहतो; काडतुसे आता सगळे दुकानातूनच घेतात. तरीही दरवर्षी त्या सोमवारच्या आदल्या दिवशी वेंडेल शेडचे दार उघडतो. बाकांच्या फळ्यांचे कपाट तेथेच आहे, आत कोरलेल्या नावांसकट. डब्यांवर कंपनीच्या मूळ चिठ्ठ्या आहेत, नळकांड्यावर मात्र एक चिकटपट्टी लावलेली आहे. मुरंब्याच्या बरण्यांवर वर्ना लिहीत असे तशाच गोल, ठसठशीत अक्षरात त्यावर लिहिले आहे: 'रिकामे. भरलेस तर नाव लिही.'

ती पट्टी आतल्या बाजूला, दाबयंत्राशेजारी बसल्याखेरीज हात पोचत नाही अशा जागी लावलेली आहे. पायरीवरून ती लावता येणे शक्य नाही. वेंडेल ती वाचतो, स्टुलावर थोडा वेळ बसतो, आणि दार नीट ओढून घेऊन घरी जातो.